वल्हं उशिरा पडतंय

रविवार, २६ मे

पाच वेळा नाव उलटली! पाच वेळा! आणि पाचही वेळा चूक माझीच.

नवा कॉम्प्युटर मंगळवारी आला. जुना एप्रिलअखेर धूर सोडून मेला, त्याचं मला काही दुःख नव्हतं. हा नवा म्हणजे, दुकानदार बॅरीच्या शब्दांत, "घोडा आहे, नॉरीन, घोडा!" घोडा कसला, अडेलतट्टू! मी कळ दाबते आणि माझं वल्हं त्याला वाटेल तेव्हा पाण्यात पडतं. तोवर खडक आलेला असतो. तिकडून, समुद्रापलीकडच्या पर्थहून ब्रायर ओरडतेय, "आई, डावीकडे मार! डावीकडे!"

"मारलं गं!"

"कधी?"

दोघींनी मिळून एक नाव नदीतून खाली न्यायची. ती पुढे, मी मागे. एवढाच तर खेळ. पण गेली दोन वर्षं दर रविवारी चार वाजता आम्ही हेच करतो आणि करता करता बोलतो. दुसरं बोलणंच नाही. मोबाइलला या दरीत रेंज नाही, आणि घरच्या फोनवर ती फोन करत नाही — न जाणो, बाप उचलायचा. "शेत मी चालवीन," म्हणाली होती पोरगी. तिचा बाप डूगल म्हणाला, "त्या टेकडीवर तुझ्याने व्हायचं नाही." एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन गेली. आता तिकडे खाणीत घराएवढा ट्रक चालवते.

डूगल रविवारी चार वाजता बरोबर पॅसेजमध्ये चहा घेऊन पेपर वाचत बसतो. तिथे धड उजेडही नाही. माझ्या खोलीचं दार मी अर्धं उघडंच ठेवते.

सोमवार, २७ मे

इंटरनेट कंपनीला फोन. पन्नास मिनिटं तोच तो पिआनो. मग एक अतिशय गोड बोलणारा माणूस. "बंद करून पुन्हा चालू करून बघितलंत?" बघितलं, बाबा. सात वेळा. "घरच्या फोनवर काही आवाज येतो का? खरखर, शिट्टी?" म्हटलं, "नाही. फोन अगदी छान आहे."

"मग दोष तुमच्या कॉम्प्युटरचा."

मला वाटलंच होतं.

बुधवार, २९ मे

बंद केला. चालू केला. बंद केला. चालू केला. हा बंद पडायच्या आधी माझं डोकं बंद पडणार!

गुरुवार, ३० मे

त्या धुडाला पिकअपमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गोर गावी बॅरीच्या दुकानात नेलं. त्याने तिथे जोडला. माझ्या देखत आमचाच खेळ सुरू केला. नाव लोण्यातून सुरी जावी तशी गेली! कोपऱ्यातला आकडा बावन्न. (हा आकडा म्हणजे मी कळ दाबल्यापासून ते तिकडे पोचेपर्यंतचा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. ब्रायरनेच मला शिकवलं. साठच्या आत असला की उत्तम. माझा नऊशे.)

"याला काही झालेलं नाही," बॅरी म्हणाला. वर हसला. "चालवणारीला सवय व्हायला हवी."

सवय! दोन वर्षं वल्हं मारतेय मी. येताना वाटेत एक शब्द बोलले नाही. बोलणार कुणाशी म्हणा, शेजारी हाच बसलेला.

घरी आणून लावला. आठशे ऐंशी.

रविवार, २ जून

आज तिचा आवाजही तुटत होता. "आई... ला... कडे..." आणि धाड! खडक.

चौथ्या वेळी नाव उलटली. मग म्हणाली, "आई, हिवाळ्याची जोड्यांची स्पर्धा आहे. नावं द्यायची मुदत तेवीस तारखेपर्यंत." म्हटलं, "देऊ या की!" ती चाचरली. "माझ्या पाळीत टेविटा म्हणून एक आहे. चांगला खेळतो. तोपर्यंत तुझं नीट झालं नाही तर... रागावणार नाहीस ना?"

"छे गं. रागवायचं काय त्यात?"

रागावलेय. टेविटावर, बॅरीवर, त्या गोड बोलणाऱ्यावर, सगळ्यांवर. ती त्याच्याबरोबर खेळायला लागली की रविवार गेला, आणि रविवार गेला की पोरगी गेली. हे कुणाला सांगू? डूगलला? तो तिचं नावही घेत नाही.

बुधवार, ५ जून

शेजारचा मर्व्ह आला. कुणी बोलावला नव्हता. त्याला कॉम्प्युटरमधलं "थोडंफार" कळतं, आणि चीज रोल पूर्ण कळतात — सहा खाल्ले. इंटरनेटच्या डबीमागे त्याने माझा केकचा ट्रे उभा केला, "लहरी परतवायला." आकडा नऊशे चाळीस झाला. "हवामान आहे," म्हणाला आणि सातवा रोल घेतला.

डूगल म्हणतो, "जुनाच बरा होता." याची एवढीच मदत. जेवण झालं की टोपी घालतो, टेकडीवरचं विजेचं कुंपण बघायला जातो आणि तासाभराने येतो. रोज. तीस वर्षं. त्या कुंपणाला जेवढं विचारलंय त्याच्या निम्मं मला विचारलं असतं तरी पुष्कळ होतं. "काय म्हणतंय कुंपण?" विचारलं. "ठीक आहे," म्हणाला. मेंढ्याही ठीक, कुंपणही ठीक. घरात बिघडलेली मी एकटी.

शनिवार, ८ जून

हवेतून पाठवायचं बंद, आता थेट तार! वीस मीटर केबल आणली. स्वयंपाकघरातून पॅसेजमधून माझ्या खोलीपर्यंत ओढली. डूगल तिला अडखळला, भिंतीला धरून उभा राहिला आणि बराच वेळ धापा टाकत होता. मी म्हटलं, "नाटकं पुरे, केबल आहे ती, अजगर नाही." तो जाऊन झोपला.

आकडा नऊशे दहा. केबल फुकट!

रविवार, ९ जून

ब्रायर : "आई, तू मारूच नकोस वल्हं. मी एकटी नेते, तू नुसती बस."

बसले. सामान म्हणून बसले.

मंगळवार, ११ जून

पुस्तिका वाचली. शहाण्णव पानं. एकही वाक्य माझ्यासाठी नाही.

रविवार, १६ जून

आजचं आजच लिहायला हवं.

खेळ सुरू होऊन सहा मिनिटं झाली आणि पडदा गोठला. पाणी थांबलं, नाव थांबली, ब्रायरचा आवाज गेला. मी कीबोर्ड आपटला. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहीत नाही. आणि घरचा फोन वाजला.

फोन पॅसेजमध्ये, डूगलच्या हाताशी. त्याने उचलला नाही. नुसता बघत राहिला. मी धावले.

"आई, मीच." दोन वर्षांनी या फोनवर तिचा आवाज! "हे बघ, मी टेविटाला सांगून—" आणि थांबली. "आई, ही टकटक किती दिवसांची?"

"कुठली टकटक?"

"कुठली काय! ऐक ना. टक... टक... टक. सेकंदाला एक."

ऐकलं. होती की. पण ती तर असतेच! कुंपणात विजेचा ठोका पडतो, फोनमध्ये बारीक टक होते. तीस वर्षं कुंपणाशेजारी राहिल्यावर ती कुणाला ऐकू येते? कंपनीचा माणूस विचारत होता, आवाज येतो का. मी म्हटलं, नाही. खरखर नाही, शिट्टी नाही. टकटक हा काय आवाज झाला?

"एवढी मोठी नसते, आई. कुंपण कुठेतरी गळतंय. टेकडीवर फोनची लाइन तारेला अगदी लागून जाते बघ, तिथे. आणि तुझं इंटरनेट त्याच लाइनवरून येतं. कॉम्प्युटरला काही झालेलंच नाही!"

आजार रेड्याला आणि औषध पखालीला! वीस मीटर केबल, केकचा ट्रे, सात चीज रोल! मी हसायला लागले. ती हसली नाही.

"पण बाबा हे चार दिवससुद्धा चालू देणार नाहीत. एक तार सैल दिसली तर जेवणावरून उठायचे." मग अगदी हळू, "आई, बाबा बरे आहेत ना?"

दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिने. मी वळून बघितलं. पॅसेजमध्ये पेपर होता, कप होता. डूगल नव्हता.

सोमवार, १७ जून

सकाळी म्हटलं, "आज मी बघून येते कुंपण."

"कालच बघितलंय मी." मान खाली.

तरी गेले. टेकडीवर गाडी चढत नाही, पायीच जावं लागतं. त्याच्या चारचाकीच्या खुणा पायथ्याच्या फाटकापर्यंत होत्या. पुढे काही नाही. फाटकापलीकडच्या पायवाटेवर गुडघाभर गवत! आणि खांबाशी एक बादली, पालथी घातलेली. तिच्याभोवती पेपरमिंटचे कागद. चाळीस, पन्नास, किती तरी. तो खातो तेच.

तासभर. रोज. त्या बादलीवर.

वर गेले. खालची तार ओल्या गवतात पूर्ण बुडालेली. फोनच्या लाइनपाशी तारेखालचा प्लॅस्टिकचा तुकडा तुटून तार थेट लोखंडी खांबाला टेकलेली, आणि तिथे बारीक निळी ठिणगी. टक. टक. टक. मी ठिणगीकडे बघत उभी राहिले. आणि रडू आलं.

घरी आले, बादली टेबलावर ठेवली. त्याने बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कधीपासून?"

"मार्चपासून. चढायला लागलं की छातीत आवळून येतं. बसलं की जातं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"मग?"

"मग त्याने टेकडी बंद केली असती." त्याने बादली टेबलावरून खाली ठेवली. मग म्हणाला, "पोरीला मी काय बोललो होतो, ते आठवतं ना तुला? आता कुठल्या तोंडाने सांगू, की माझ्याच्याने होत नाही?"

राग आला, इतका राग आला! त्याचा आला आणि त्याहून जास्त माझा. धापा टाकत भिंतीला धरून उभा होता, आणि मी नाटकं म्हटलं. तीन आठवडे कोपऱ्यातल्या एका आकड्याकडे डोळे लावून बसले होते मी. एकदा मान वळवून याच्याकडे बघितलं असतं तर!

बुधवार, १९ जून

काल डॉक्टर. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद. उद्या ड्युनेडिनच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, आत नळी बसवायची. डॉक्टर म्हणाले, "चढला असतात तर घरी आला नसतात." घरी येताना डूगल म्हणाला, "म्हणूनच चढलो नाही." याला काय म्हणावं!

दुपारी शेडमध्ये जाऊन वीज बंद केली, वर गेले, गवत कापलं, तुकडा बदलला, तार ओढली. माझ्यानेही झालं बरं का. खाली येऊन वीज चालू केली, फोन उचलला. अगदी बारीक, नेहमीचीच टक. मग कॉम्प्युटर लावला. बावन्न.

याच्यासाठी जीव टाकला होता! बघितलं आणि बंद केला.

ब्रायरला घरच्या फोनवरूनच सगळं सांगितलं. ती रडली. म्हणाली, "बाबांचं मी विचारलं होतं, हे त्यांना सांगू नकोस." शेजारीच पेपर घेऊन बसलेला डूगल : "मी इथे नव्हतोच म्हणून सांग तिला."

शुक्रवार, २१ जून

नळी बसली. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य : "कुंपण परत चालू केलंस ना?"

रविवार, २३ जून

ब्रायर काल विमानतळावरून सरळ हॉस्पिटलात आली. बाप म्हणाला, "आलीस?" लेक म्हणाली, "आले." घरी येईपर्यंत दोन तास गाडीत तिघांचं मिळून एवढंच बोलणं.

आज जेवताना मी विचारलं, "परतीचं तिकीट कधीचं?"

"काढलंच नाही."

डूगलने ऐकलं. खिशातून कुंपणातली वीज मोजायचा मीटर काढला आणि बशीशेजारून तिच्याकडे सरकवला.

चार वाजलेत. आकडा एक्कावन्न. नाव काठाला लागलेली, पुढची जागा रिकामी. नावं द्यायची आज शेवटची तारीख. ब्रायर टेकडीवर आहे. डूगल पायथ्याला बादलीवर बसून तिच्यावर खेकसतोय : "अगं, वरची नाही, खालची तार!" वरून उत्तर येतंय : "दिसतंय मला, बाबा! ओरडू नका, डॉक्टरांनी सांगितलंय ना!" चांगलीच जुंपलीय दोघांची, इथपर्यंत ऐकू येतंय.

कॉम्प्युटर बंद केला, खिडकी उघडली.