अप्पांचा सोहारमधला उन्हाळा

१२ एप्रिल, सोहार
अप्पांना येऊन आठवडा झाला. सासूबाई गेल्यापासून कोकणातल्या पावसच्या घरात एकटेच होते. पडवीत घसरून पडले, मग महेश जाऊन त्यांना घेऊनच आला. आता ओमानमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. ऋताची खोली त्यांना दिली, ती हॉलमध्ये झोपते आणि फुगून बसते. बारा वर्षांची आहे, फुगणारच.
अप्पा दिवसभर खिडकीशी. "खाली माती कुठे दिसत नाय गो." काय सांगणार? नाहीच आहे.
वह्या तपासायच्या राहिल्या. डोळे मिटतायत.

१७ एप्रिल
अप्पांनी आज सुके बोंबील भाजले. मी शाळेत. घरात धूर, अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग खाली. मी पोचले तर सगळे उन्हात उभे, आणि मध्ये अप्पा, हातात तवा घेऊन. तवा घरात ठेवला असता तर कुणीतरी बोंबील नेले असते, म्हणे.
खालच्या मजल्यावरच्या मुमताजभाभी आपल्या रत्नागिरीतल्या राजिवड्याच्या. हसून हसून बेजार. "अप्पा, पुढच्या टायमाला मला आधी हाक मारा, मग जाळा."
मी प्रत्येक मजल्यावर माफी मागत फिरले. हसू आलं नाही. यायला हवं होतं.

२५ एप्रिल
घरी आले तर दार सताड उघडं. अप्पा नाहीत. फोन गादीवर. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन. महेश शिफ्टला, प्लांटमध्ये फोन नेता येत नाही. भाभींनी गाडी काढली. बाजार पाहिला, मासळीबाजार पाहिला, समुद्रावर गेलो...
सापडले रस्त्यापलीकडच्या एका वाडीत. खजुराच्या झाडांमागे चार आंब्याची झाडं, त्यातल्या एकावर शिडी, शिडीच्या टोकाला अप्पा. खाली शिडी धरून एक म्हातारे ओमानी, सालेमचाचा. "बाबा अच्छा आदमी. बहुत हँसाता है."
मी ओरडले. परक्या माणसासमोर, त्यांच्या वयाचा विचार न करता. अप्पा मुकाट्याने उतरले. गाडीत एवढंच म्हणाले, "मी काय हरवलो नव्हतो. आंबा दिसला म्हणून गेलो."


३ मे
आता रोज जातात. उन्हात चालायला नको म्हणून सालेमचाचांचा मुलगा गाडीने नेतो, आणून सोडतो. दोघं मोडक्या हिंदीत काय बोलतात देव जाणे. अप्पा पोटभर जेवतात, झोपतात. ऋताला सांगत होते, "तिथला आंबा नुसता गोड. आपल्यासारखा वास नाय. पण सालेमला बोललो नाय, वाईट वाटेल त्याला."
घर शांत आहे. मी दुपारी पडून राहिले, नुसती.

९ मे
शांतता संपली. अप्पा वाडीतच कोसळले. ऊन लागलं. हॉस्पिटलात मी काही विचारायच्या आधीच ऋता नर्सशी अरबीत बोलायला लागली. शाळेत शिकते, पण एवढं येतं हे मला माहीत नव्हतं. तिने आजोबांचा हात सोडला नाही.
सलाईन लावलं. जिवावरचं टळलं. या उन्हात बाहेर पडायचं नाही, डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे पुन्हा ती खिडकी.
अप्पा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मला पावसला नेऊन टाका."
टाका म्हणाले.

१४ मे
महेश म्हणाला, "सुट्टी लागली की तू आणि ऋता अप्पांना घेऊन जा. पुढचं पुढे बघू."
"पुढचं म्हणजे?"
"त्यांना एकटं कसं ठेवणार? नोकरी काय, तुला तिकडेही मिळेल."
तो कोकणात लोट्याला कंपनीत होता तेव्हा त्याच्या शिफ्टवर आमचं घर चालायचं. जेवण, झोप, सगळं. मी घरीच. इथे आल्यावर मला शाळा मिळाली, लग्नानंतरची पहिली नोकरी. वर्गात गेले की मुलं उभी राहतात. हे त्याला कसं सांगायचं?
"वडील तुझे आहेत," एवढंच म्हटलं.
"आहेत ना. पण मी नोकरी सोडली तर खाणार काय?"
खरंच आहे त्याचं. भांडायलाही जागा नाही.

२० जून, पावस
पोचलो. सालेमचाचा निरोपाला आले होते, अप्पांच्या गळ्यात पडून रडले. अप्पा कोरडे. इथे आल्या आल्या मात्र बागेत जाऊन प्रत्येक झाडाच्या खोडावर हात फिरवत होते, पावसात, डोक्यावर काही न घेता. मी छत्री घेऊन मागे मागे.
घर उघडलं. बुरशीचा वास. झाडायला घेतलं.

८ जुलै, पावस
अप्पा इथे वेगळेच. आवाज चढलाय, शेजारच्या बबनला झापतात, आपला चहा आपण करतात. गॅस मात्र परवा चालू राहिला. काल पण.
ऋता कंटाळलीय. मैत्रिणींचे फोन आले की खळ्यात जाऊन बोलत बसते, तिथे रेंज येते.
शाळेतून विचारणा आलीय, ऑगस्टमध्ये येताय ना? महेशचा रोज एकच प्रश्न, काय ठरवलंस. म्हणजे ठरवायचं मी.
संध्याकाळी अप्पांना सरळच विचारलं. पडवीत सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "तू जा गो. माझी काळजी करू नको. बबन आहे, मी आहे."
मी हुश्श करणार तेवढ्यात, "आणि ऋताला इथल्या शाळेत घालायची असेल, तर हेडमास्तर माझ्या ओळखीचा आहे."
तोंडाने जा म्हणतात, मनात मात्र राहा. त्यांनी सुपारीचं खांड पुढे केलं. मी खात नाही, त्यांना माहीत आहे.
घेतलं.