लख्ख घासलेला डबा

मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या हमीदाचाचींना जाऊन आज तीन दिवस झाले. दुपारी त्यांच्या घरी वरणभात घेऊन गेले, तोच स्टीलचा डबा. मुद्दाम घेतला का? नाही बहुतेक, हाताला तोच लागला.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात याच डब्यातून त्यांना हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या दिल्या होत्या. आमच्या आळीत कुणी कुणाचा डबा रिकामा परत देत नाही. चाचींनी मात्र तो लख्ख घासून, रिकामाच पाठवला. आदल्याच आठवड्यात कुंपणावरच्या शेवग्यावरून आमची बोलाचाली झाली होती. मी लगेच अर्थ लावून मोकळी: संबंध संपले. त्यानंतर बोलणं 'बरं आहे ना'पुरतं. पातोळ्या बंदच केल्या. किती खात्री होती मला!

आज त्यांची सून नसरीन बोलता बोलता म्हणाली, "अम्मी तवा बोलल्या, काकींचा श्रावन हाय, आपल्या भांड्यांना रोज म्हावऱ्याचा, मच्छीचा हात. काय घालू नको, नुसता चांगला घासून दे. त्या समजतील."

त्या समजतील. नाही समजले मी. डब्यात चिमूटभर साखरही चालली असती, चाची. पण हे मी तरी कधी सांगितलं? आणि एकदा कुंपणापाशी जाऊन विचारायला काय झालं होतं मला?

निघताना नसरीनने डबा घासून आणला आणि त्यात घालायला काहीतरी शोधू लागली. तीन दिवस चूल न पेटलेलं घर ते. मी म्हटलं, "राहू दे गं. रिकामाच दे."