कोमट सांध्यावरची सही

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
कारखाने तपासणी कार्यालय

विषय : गरम-थंड पाण्याच्या सांध्याबाबतची माझी सही मागे घेऊन लाइन बंद करण्याबाबत.
संदर्भ : माझा दि. ९ चा तक्रार अर्ज व तो फेटाळणारे आपले दि. २० चे पत्र.

महोदय,

मी कागद कारखान्यात पाइपांतील प्रवाहाचे संगणकावर गणित करते. "सांधा सुरक्षित असल्याचा अहवाल उपलब्ध आहे," म्हणून आपण माझी तक्रार फेटाळलीत. तो अहवाल माझाच आहे. तक्रार त्याच्याचविरुद्ध होती.

१. आधी माझी चूक पदरात घेते. खळबळत्या प्रवाहाचे भोवरे क्षणोक्षणी मोजायचे तर संगणकाला एकोणीस दिवस लागतात. सरासरी धरली तर एक दुपार. कारखान्याच्या साहेबांना अहवाल सोमवारी हवा होता. मी सरासरी धरली. चित्रात गरम आणि गार पाण्याचे पाइप मिळतात तो सांधा छान कोमट दिसला, साठ अंश. सही केली.

२. चित्र पाहून फिटरकाका म्हणाले, "पोरी, तुझं पाणी फार गुणाचं गं! आमचं जरा ऐकून बघ." त्यांनी पान्याचे एक टोक पाइपाला, दुसरे माझ्या कानाला लावले. आत पोलाद कुरकुरत होते. मग मी एकोणीस दिवसांचे गणित केले. त्या भिंतीला सेकंदात कैकदा नव्वद अंशांचा चटका आणि तीस अंशांचा गारठा बसतो. भजनातले टाळच बघा : जवळ येतात, दूर जातात. त्यांच्यातल्या अंतराची सरासरी काढली तर ते वाजलेच नाहीत.

३. सांध्यावर आता बोटभर भेग आहे. तिच्याखाली काका आणि कामगार असलेल्या दोघी मावश्या पाळीभर उभ्या असतात. आपले पत्र वाचून काका हसले, "तूच तुला खोटं पाडलंस, आणि हापिसानं खोट्या ठरलेल्या तुझंच ऐकलं!" मला हसू आले नाही.

४. दिलेली सही मागे घेण्याचा छापील नमुना नाही, असे आपले लिपिक फोनवर म्हणाले. नसू दे. देवाला स्मरून ती मी याच कागदावर मागे घेत आहे.

५. लाइन चालू आहे तोवर सांध्याखालच्या व्हॉल्व्हपाशी कोणीतरी हवेच, असे साहेब म्हणतात. म्हणून आज सकाळी तिघांना तिथून उठवले आणि माझे टेबल सांध्याखाली लावले. माझ्या सहीवर माझा जीव ठेवता येतो. दुसऱ्याचा ठेवायचा मला अधिकार नव्हता.

तपासणीस आपण जातीने यावे. शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली आहे.

आपली नम्र, पण जागची न हलणारी,
(सही : फक्त या अर्जापुरती)
प्रवाहगणित अभियंता
दि. २४

सोबत : १. जुना अहवाल, सही खोडून. २. एकोणीस दिवसांचे गणित. ३. भेगेचे दोन फोटो, कालचा व आजचा. आजची भेग जास्त लांब आहे.