नव्या सायलेन्सरचा आवाज

४ मार्च, मंगळवार

ओरडलाच नाही! तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिला आणि माझी पिकअप सरळ दगडावर जाऊ दिली.

एका वकिलांकडे कपाट पोचवायचं होतं. बोळ अरुंद. मी गाडी मागे घेत होतो आणि मेव्हणा मागे उभा होता. ही आमची नेहमीची पद्धत. मी आरशात बघतो, तो 'येऊ द्या दाजी, येऊ द्या' म्हणतो आणि 'बास!' म्हणाला की मी ब्रेक दाबतो. इतकी वर्षं असंच चाललंय, साधा ओरखडा नाही. आज 'बास' आलंच नाही. फाटकाजवळ पायरीचा दगड होता, तो आरशात दिसत नव्हता. सायलेन्सर त्याच्यावर चेपला, पाईप रबरातून निसटला आणि खाली लोंबायला लागला.

वर म्हणतो कसा— "घसा फुटेस्तोवर ओरडलो, दाजी!"

खोटं! सपशेल खोटं. मला फक्त गाडीच्या मागच्या फाळक्यावर थापा जाणवल्या, त्याही शेवटी शेवटी. त्याचा तळहात सुजलाय म्हणे. देवानं तोंड दिलेलं असताना हात कशाला आपटायचा?

तसाच लोंबता पाईप तारेनं बांधून घरी आलो. रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते. फुटका सायलेन्सर कुणी कधी बघितला नाही जणू.

५ मार्च

ही भावाच्या बाजूनं. अपेक्षितच होतं.

"अहो, तो ओरडला नसेल असं होईल का?" म्हणाली. म्हटलं, तू होतीस तिथे? तर म्हणते, "पुटपुटू नका, नीट मोठ्यानं बोला." मी पुटपुटतोय! माझा आवाज माझ्याच डोक्यात घुमतो एवढ्या जोरात मी बोलत होतो. हिनंच एकदा कान दाखवून घ्यायला हवेत.

आता आठवतंय. मागच्या महिन्यात मेव्हणा म्हणाला होता, "दाजी, आता मी चालवत जाऊ का? तुम्ही बाजूला आरामात बसा." तेव्हा हसून सोडून दिलं. त्याच वेळी कळायला हवं होतं की याला स्टिअरिंग पाहिजे. उद्या गाडी पाहिजे म्हणेल, परवा धंदा.

६ मार्च

नवा सायलेन्सर आणला. साधा नाही, तो जाड तोंडाचा, भारदस्त आवाजाचा. तरुणपणापासून हौस होती. नाहीतरी गाडीचा आवाज हल्ली बसत चाललाच होता. आधी कशी घुमायची! गेल्या वर्षभरात उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखी झालीय. म्हटलं, मोडलंच आहे तर चांगलं बसवू.

मेव्हणाच दुकानात घेऊन गेला. दुकानदाराला नावानं हाक मारत होता. नोंद करून ठेवतोय.

८ मार्च, शनिवार

घरीच बसवायचा. गॅरेजवाल्यांवर आपला भरवसा नाही. गाडी आत गेली की आपण बाहेर बाकड्यावर. आत काय चांगलं काढतात आणि काय जुनं घालतात, कुणी बघितलंय!

अंगणात गाडी चढवली. जॅक लावला, चाकांना ठोकळे दिले, खाली लाकडी ओंडके सरकवले. जुने बोल्ट गंजून असे धरलेत की बघायला नको. सगळ्यांवर तेल सोडून ठेवलंय. मुरू दे रात्रभर. मुरण्यावरून आठवलं— या सगळ्यात कुठेतरी पाणी मुरतंय हे मला पक्कं ठाऊक आहे.

दुपारी पाण्याला आत गेलो तर ही आणि मेव्हणा स्वयंपाकघरात उभे. ओठ हलत होते. आवाज नाही. मला बघितलं आणि दोघंही गप्प!

९ मार्च, रविवार

दिवसभर गाडीखाली. पुढचे दोन बोल्ट सुटले, तिसऱ्याचे आटे गेले. त्याला करवतीनं कापावं लागलं. गंजाचा चुरा डोळ्यात, मानेत, शर्टात. जुना सायलेन्सर खाली पडला तेव्हा वाईट वाटलं. किती ओझी वाहिली त्याच्या साक्षीनं.

मेव्हणा न बोलावता आला. हाताला पट्टी. तरी नवा सायलेन्सर पोटावर घेऊन आडवा झाला आणि मी क्लॅम्प आवळेपर्यंत दोन्ही हातांनी वर धरून राहिला. जड होता. घाम गळत होता त्याच्या कानशिलावरून. काम चांगलं करतो, ते नाकारत नाही. पण नवीनच खोड— पाना हवा असला की मागत नाही, माझ्या पायावर टकटक करतो. नट दाखवायचा झाला की खांद्याला हात लावतो. मी काय त्याचं कपाट आहे, ठोठावायला?

हीसुद्धा तेच करते हल्ली. आधी दंडाला हात, मग बोलणं. सगळ्यांना एकदम एवढं प्रेम कुठून फुटलं? माणसं गोड वागायला लागली की मला धडकी भरते.

११ मार्च

रबरं अडकवली, गॅस्केट बसवलं, सगळे नट पुन्हा एकदा आवळले. गाडी खाली घेतली. चावी फिरवली.

काही नाही!

म्हणजे इंजिन सुरू झालं, स्टिअरिंग थरथरत होतं. पण आवाज? तोच. उशीतला. त्या जुन्या चेपलेल्या डब्यापेक्षा एक दाणाभर जास्त नाही. पॅडल दाबलं, आणखी दाबलं. भिंतीपलीकडे कुणीतरी घोरतंय एवढंच.

मेव्हणा दोन पावलं मागे सरला आणि नाटकीपणानं दोन्ही कानांवर हात ठेवले. मला खूश करायला! ही दारात आली, तिनंही तेच केलं. दोघांनी ठरवून केल्यासारखं. मला इतका राग आला की चावी काढून सरळ आत गेलो.

१२ मार्च

समोरचे निवृत्त मास्तर फाटकावर आले. तोंड लालबुंद. "काय हो, दारात विमान उतरवता की काय? माझा चहा सांडला!"

म्हणजे मास्तरही सामील. मेव्हण्यानं यांनाही पढवून ठेवलंय— आवाज मोठा आहे म्हणा, म्हणजे दाजी माल परत करणार नाहीत. अख्खी गल्ली मिळून माझ्या डोळ्यांत धूळ फेकतेय!

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा गाडीखाली गेलो, एकटा. मला वाटलं, मेव्हण्यानं आत चिंध्या कोंबल्यात. पाईप सोडवून बॅटरीचा उजेड आत टाकला. आरपार स्वच्छ. चिंधी नाही, कचरा नाही. म्हणजे मालच खोटा.

तसाच परत बसवून दुकान गाठलं. भर बाजार, ट्रकांचे हॉर्न, शेजारी पत्रा कापण्याचं मशीन. त्या गोंगाटातही दुकानदाराचा चढ्या आवाजातला शब्दन्‌शब्द मला कळत होता. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. बाहेरची माणसं माझ्याशी स्वच्छ बोलतात. फक्त घरातलेच कुजबुजतात!

दुकानदार म्हणाला, "साहेब, याला आवाज कमी म्हणता? तुम्ही गाडी लावलीत तेव्हा माझ्या काचा हादरल्या." मग माझ्या मागे बघत, "मेव्हणे आले नाहीत आज?"

त्याला मेव्हण्याची काय पडलीय? आता घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. दोघांनी मिळून हलका माल माझ्या गळ्यात मारला, आणि मेव्हण्याला त्याचा हिस्सा मिळाला.

१५ मार्च, शनिवार

बोललो. एकदाचं बोलून टाकलं.

मेव्हणा सकाळी कामावर आला तेव्हा अंगणातच धरला. दगडावर गाडी घालायला लावलीस, तुझ्याच दुकानात नेलंस, खोटा माल दिलास, घरात कुजबुजून माझ्या बायकोला फितवलंस. माझ्या घरात जेवून माझाच गळा कापतोस! चोर म्हणालो त्याला. मास्तर फाटकाशी उभे होते, त्यांच्यादेखत म्हणालो.

तो बघत राहिला माझ्याकडे. मला वाटलं, आता उसळेल, माझी कॉलर धरेल. मी तयारच होतो. पण त्यानं खिशातली गाडीची दुसरी चावी काढली, बॉनेटवर ठेवली आणि पाठ फिरवली. फाटकापर्यंत चालत गेला. एक शब्द नाही! निर्दोष माणूस असा मुकाट्यानं जातो का?

हिचे डोळे भरून आले. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. बोलली असेल तर मला कळेल असं बोलली नाही.

१६ मार्च

ताट वाढलं, समोर ठेवलं, आत गेली.

एकटाच जेवलो. ही लग्न होऊन आली तेव्हा तो एवढासा होता, माझ्या सायकलच्या दांड्यावर बसायचा. हे का आठवावं मला? चोर तो चोर.

१८ मार्च, मंगळवार

मेव्हण्याशिवाय दोन फेऱ्या केल्या. फ्रिज उतरवताना कंबर धरली. गाडी मागे घेताना उगीच घाम फुटत होता. एक बाई बॉनेटवर हात मारून काहीतरी सांगत होत्या. मागच्या चाकाशी त्यांचं कुत्रं निजलेलं. थोडक्यात वाचलं. नीट हाक मारायला काय होतं लोकांना?

उद्या सायलेन्सर शेवटचा तपासतो. आतली जाळी मोडकी निघाली की पुरावा हातात आला. मग दुकानदाराला आणि मेव्हण्याला एकदमच समोर उभं करतो.

१९ मार्च, बुधवार

आमचे जुने मिस्त्री एक युक्ती शिकवून गेलेत. इंजिनात कुठे काय खडखडतंय ते शोधायचं तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक लोखंडावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची. आतलं सगळं कळतं. कितीतरी वर्षांत केलं नव्हतं.

गाडी सुरू ठेवली. बाजूला उकिडवा बसलो, सायलेन्सरच्या पट्टीवर टोक टेकवलं आणि मूठ कानामागे लावली.

डोक्यात गडगडाट झाला. मागे पडलो मी, अक्षरशः! एवढा आवाज. घुमणारा, भरीव, तरुणपणी हवा होता अगदी तसा. वाटलं, आत्ता चालू झाला. स्क्रूड्रायव्हर काढला. उशी. पुन्हा लावला. गडगडाट. काढला. उशी. दुसऱ्या कानामागे लावला. तेच. किती वेळ लावत आणि काढत बसलो कोण जाणे. मास्तर खिडकी आपटताना दिसले.

गाडी बंद केली. हात काळे, तसाच घरात गेलो. भिंतीवरच्या घड्याळावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. टिकटिक टिकटिक! मला वाटत होतं, या घड्याळाला आवाजच नाही.

मागे वळलो तर ही उभी. कधीपासून उभी होती माहीत नाही. माझ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत होती आणि रडत होती. तिनं माझ्या दंडाला हात लावला. मी हात झटकला नाही.

२० मार्च

हिला समोर बसवलं. म्हटलं, माझ्याकडे तोंड करून सांग— तो जाताना काही बोलला होता का?

"बोलला की," ही म्हणाली. "फाटकापर्यंत बोलतच होता. म्हणत होता, दाजी, मला काय म्हणायचं ते म्हणा, पण एकट्यानं गाडी मागे घेऊ नका."

चपला घातल्यात. त्याच्याकडे चालतच जाणार आहे.

तो ओरडला होता.