परीक्षकांनी हात मांडीवर ठेवण्याबाबत

दिनांक : ८ ऑक्टोबर २००४

प्रति,
मा. प्रादेशिक परिवहन अधिकारी,
प्रादेशिक परिवहन कार्यालय, पुणे.

अर्जदार : सौ. कुसुम माधव घैसास, वय ५९, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे.

विषय : मोटार चालवण्याच्या फेरचाचणीत परीक्षकांनी हात वर न करता तोंडी सूचना देण्याबाबत.

संदर्भ : दि. ४ ऑक्टोबरची माझी नापास चाचणी. शिकाऊ परवान्याची मुदत दि. २९ ऑक्टोबरला संपते.

महोदय,

१. वरील तारखेस आपल्या मैदानावर माझी चाचणी झाली. इंग्रजी आठचा आकडा मी कुठेही न अडखळता काढला. त्यानंतर शेजारी बसलेल्या निरीक्षक साहेबांनी डावीकडे वळण्याची खूण करण्यासाठी हात वर केला. त्यासरशी मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोके झाकले. गाडी मैदानाच्या कडेच्या ड्रमवर आदळली, साहेबांचे कपाळ काचेवर आपटले आणि रक्त आले. त्यांनी 'वाहनावर ताबा नाही' असा शेरा लिहिला. शेरा बरोबर आहे. साहेबांची मी मनापासून क्षमा मागते.

२. ही सवय मला कशी लागली ते सांगणे भाग आहे. मे महिन्यात मी रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. तेथील शिक्षक रंगराव सज्जन गृहस्थ. वळणावर स्टिअरिंग भरकटले तेव्हा त्यांनी हात घालून ते सरळ केले. तो हात माझ्या हाताला लागला, हे आमचे यजमान श्री. माधव घैसास (निवृत्त बँक अधिकारी) यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले. त्यांनी गाडी अडवून रंगरावांना बाहेर ओढले आणि भर चौकात थोबाडले. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी स्वतःकडे घेतली. मोतीबिंदूमुळे त्यांना संध्याकाळचे नीट दिसत नाही, म्हणून घरात ड्रायव्हर हवाच होता.

३. शिकाऊ चालकाशेजारी परवानाधारक बसावा, असा नियम आहे. त्याच्या हातात काय असावे याबद्दल नियम गप्प आहे. यजमानांच्या मांडीवर स्टिअरिंग लॉकचा लोखंडी दांडा असतो. गिअर चुकला की मनगटावर, क्लच लवकर सुटला की मांडीवर, आरशात पाहायचे राहिले की कानावर. ते डावीकडे बसतात म्हणून माझी उजवी बाजू शाबूत आहे. ऑगस्टमध्ये नदीपात्रात दोन विटांमधून गाडी मागे घेताना एक वीट पडली, तेव्हा डाव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टरमध्येही शिकवणी चालूच होती. गिअर त्यांनी टाकायचा आणि चुकला की मार मी खायचा.

४. लग्नाला छत्तीस वर्षे झाली. मार नवा नाही, गाडी नवी आहे. ती माझ्या फंडातून घेतली असून माझ्याच नावावर आहे. वर्गात पट्टी मीही वापरली आहे, त्याची आज लाज वाटते. मारून शिकवलेले पोरांचे पाठ होते, पण समोर हात उठला की एक अक्षर आठवत नाही. मुलांचे काय होत असेल ते मला या वयात कळले.

५. परवा, दि. ६ रोजी, यजमान गाडीमागे भिंतीला पाठ लावून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होते. मधूनच 'पुन्हा नापास झालीस तर उजवा हातही मोडतो' असे बजावत होते. माझा पाय ॲक्सिलरेटरवर होता. तो मी दाबला, जाणूनबुजून दाबला. मग ब्रेक लावला. त्यांचे गुडघे आणि बंपर यांत चार बोटे उरली होती. त्यांना वाटले, मला गाडी लावता यायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला शाबासकी दिली. पुढच्या वेळी ब्रेक लावीनच, असे मी लेखी देऊ शकत नाही. मला माणूस मारायचा नाही. मला निघून जायचे आहे.

६. माझी मुलगी स्पृहा हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिने फ्लॅटची चावी मला मार्चमध्येच दिली. रिक्षाने मी केव्हाच गेले असते, पण माझी गाडी त्या माणसाला सोडून जाणार नाही.

तरी विनंती की,

(अ) फेरचाचणी मुदतीच्या आत घ्यावी आणि निरीक्षक साहेबांनी हात मांडीवर ठेवून तोंडाने सांगावे. रागावून सांगितले तरी चालेल.

(आ) पास झाल्यास परवाना टपालाने पाठवू नये, खिडकीवर माझ्या हाती द्यावा. घरचे टपाल यजमान फोडतात.

(इ) परवाना घेण्यास यजमान गाडीतून सोबत येतीलच. त्या वेळी त्यांना कसलाही एक फॉर्म भरायला द्यावा आणि एका खाडाखोडीवरून तो परत लिहायला लावावा. फॉर्म बिनचूक झाल्याशिवाय ते खुर्ची सोडत नाहीत, बँकेत एकतीस वर्षे त्यांनी तशीच काढली. मला पाऊण तास पुरेल. कंपन्यांच्या बसेस आडव्या आल्या तर तास लागेल, तेव्हा फॉर्म जरा लांबलचक असावा.

उत्तर घरी पाठवू नये. मंगळवारी मी बसने येऊन खिडकीवर विचारीन.

आपली नम्र,
कुसुम घैसास

सोबत :
१. शिकाऊ परवान्याची प्रत
२. गाडीच्या नोंदणी पुस्तकाची प्रत
३. डाव्या मनगटाचा एक्स-रे (मूळ. परत मिळावा, पोलिसांनाही दाखवायचा आहे.)