तिनं केलं ते एकदम बरोबर

१ डिसेंबर, रविवार. सकाळ.
आजपासून सीरियस वाचन. कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क झालो म्हणून जन्मभर फायलीच वाचायच्या असं कुठे लिहिलंय? महिन्याला दोन कादंबऱ्या, त्याही सध्या गाजत असलेल्या. प्रत्येकीवर ‘शहादा वाचक मंडळ’ या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपलं मत टाकायचं. ग्रुप गिरधर सरांचा. रिटायर्ड माणूस, सगळं वाचतो, पण मत देताना फार लांबण लावतो. माझं मत मुद्देसूद असेल.

त्याच दिवशी, दुपार.
डिटेक्टिव्ह कादंबरी सुरू केली. पहिलं प्रकरण झालं. खून अजून पडलेला नाही. डोळा लागला.

३ डिसेंबर
डिटेक्टिव्ह कादंबरीवर मत टाकलं. ‘उत्कंठावर्धक. खुनी कोण हे सांगून वाचकांचा आनंद हिरावून घेणार नाही.’ (मलाही माहीत नाही.) भरपूर अंगठे आले. एका मॅडमनी ‘संयमित परीक्षण’ असं लिहिलं. थोडं चुकल्यासारखं वाटलं, पण पुस्तक पूर्ण करणारच आहे. मत आधी आलं एवढंच.

८ डिसेंबर, रविवार
दुसरी कादंबरी आणली. निळं कव्हर, नदी, होडी, होडीत बसलेलं जोडपं. मागच्या कव्हरवरचा मजकूर दोनदा वाचला. आत सुरुवातीला नदीचं वर्णन आहे, ते चांगलं आहे. मत टाकलं: ‘नदीकाठचं हळुवार नातं. मन प्रसन्न करणारी कादंबरी. घरातल्या मोठ्या माणसांना जरूर द्या.’
अर्ध्या तासात नासिरचा फोन. नासिर म्हणजे शाळेपासूनचा दोस्त, एसटी स्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान. त्याचे अब्बा, कलीमचाचा, म्हसावदचे टेलर, ऑक्टोबरात गेले. माझ्या लग्नाचा कोट त्यांनीच शिवला होता. चाचा गेल्यावर नासिरने अख्तरचाचीला इकडे शहाद्याला आणलं. तिची इद्दत चालू आहे. नवरा गेल्यावरचे चार महिने न् वर काही दिवस बाई घराबाहेर पडत नाही. चाची म्हसावदच्या मराठी शाळेत शिकलेली, वाचायची आवड. नासिर म्हणाला, “यार, अम्मी नुसती भिंतीकडे बघत बसते. तू लिहिलंय ते पुस्तक दे. प्रसन्न वालं.”
लगेच नेऊन दिलं. मैत्री म्हणजे मैत्री.

९ डिसेंबर, सोमवार
ऑफिसात असताना गिरधर सरांचा फोन. म्हणाले, नवनीतराव, तुमचं मत वाचून चकित झालो. नायिकेचा नवरा सुरुवातीलाच नदीत बुडून मरतो. पुढची सगळी कादंबरी तिच्या विधवापणाची. प्रसन्न कसं काय?
मी म्हणालो, प्रसन्नतेचा व्यापक अर्थ घ्यावा लागेल.
ते म्हणाले, अच्छा.
जेवणाचा डबा तसाच परत आणला.

९ डिसेंबर, संध्याकाळ.
दीपमालाला सांगितलं. बायकोला सांगितलं की हलकं वाटतं असा समज होता. ती भाकरी थापत होती. विचारलं, “तुम्ही वाचेल शे का ते पुस्तक?” म्हटलं, तसं वाचलंय. ती म्हणाली, “तसं म्हनजे काय? फोन करा आनि सांगी टाका, मी वाचेल नही.”
तिला ग्रुपची कल्पना नाही. तिथे एक नाव झालंय.

११ डिसेंबर
पुस्तक परत आणायला नासिरकडे गेलो. थाप तयार होती: एका पानावर खूण करायची राहिली. नासिरची मुलगी कहकशाँ दारात आली. बारावीला आहे. म्हणाली, “दादी सोडतच नाहीये काका. जेवतानाही हातात असतं.” आतून चाचीचा खोकला ऐकू आला. मी दारातूनच फिरलो. कहकशाँ मागून ओरडली, काका, खूण कुठल्या पानावर करायची ते सांगा, मी करते. सोळा म्हणालो. तिथपर्यंत पोचलोय.

१५ डिसेंबर, रविवार
आज चाचीला फोन करून माफी मागायची होती. पण सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली, मेव्हणे आले, घोडे बघायचे म्हणाले. पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? दिवसभर घोडे पाहिले. एकाही घोड्याकडे नीट लक्ष लागलं नाही. उद्या नक्की.

२० डिसेंबर, शुक्रवार
तिचाच फोन आला. कहकशाँच्या मोबाइलवरून.
मी आधी तब्येत विचारली, मग थंडीचं बोललो, मग तिनेच विषय काढला. म्हणाली, “बेटा, किताब पूरी हो गई. तुझे याद रहा मेरा, अच्छा लगा.” राग नाही, रडणं नाही. मला घाम फुटला होता तो थांबला. मग म्हणाली, “एक बात पूछूँ? तू इतना पढ़ता है. वो बाईने आखिर में जो किया, बराबर किया क्या?”
आता माफी मागायची ती हीच वेळ होती, हे मला कळलं. पण तिने इतक्या विश्वासाने विचारलं. म्हणालो, “एकदम बरोबर केलं चाची. दुसरं काय करणार ती?”
ती म्हणाली, “अच्छा. तू भी यही बोलता.” आणि फोन ठेवला.

२१ डिसेंबर
मन हलकं. विचार केला तर, दुःखी माणसाला दुःखाचंच पुस्तक लागतं. ते मी दिलं. कदाचित आतून जाणवलंच असेल. ग्रुपवर ‘साहित्य हेच औषध’ असं चार ओळींचं टिपण टाकलं. अंगठे. गिरधर सरांनी फक्त हात जोडले.

१२ जानेवारी, रविवार
तिसऱ्या कादंबरीवर मत दिलं. एका ओळीत: ‘वाचायलाच हवी.’ यात खोटं काहीच नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
नासिर ऑफिसात आला. कधी येत नाही. चेहरा उतरलेला. आईची इद्दत संपली. आणि काल जेवताना तिने सांगितलं की ती म्हसावदला परत जाणार. अब्बांचं दुकान उघडणार. चाचा होते तेव्हा काज-बटण, तुरपाई सगळी तीच करायची, आता बायकांचे ड्रेस स्वतः शिवणार. एकटी राहणार.
नासिर म्हणाला, “लोग क्या बोलेंगे? मुलाने आईला काढून दिलं? तिचे गुडघे बघ, वय बघ. इथे शबाना तिला पाण्याचा ग्लास उचलू देत नाही.” शबाना त्याची बायको. मग म्हणाला, “तू समजाव. तुझं ऐकते ती. किताब की बात भी तुझसे ही की ना.”
त्या बाईने कादंबरीच्या शेवटी काय केलं असणार ते आत्ता डोक्यात शिरलं. नवऱ्याची होडी घेतली असणार आणि एकटी निघाली असणार. कव्हरवर होडी आहेच. आणि मी सांगितलं, एकदम बरोबर.
नासिरला पाणी दिलं. बघतो म्हणालो.

१९ फेब्रुवारी
एक म्हातारी, माणसांनी भरलेलं घर सोडून चालली आहे, माझ्या दोन शब्दांवर. झोप नीट नाही, भूक नाही. आता शेवट वाचल्याशिवाय इलाज नाही, म्हणजे चाचीला समजावताना मुद्दे मिळतील. माझी प्रत तिच्याकडे. गिरधर सरांची मागून आणली. म्हणालो, पुन्हा वाचायची आहे. सर माझ्याकडे बराच वेळ बघत होते.

२३ फेब्रुवारी, रविवार
वाचायला बसलो. सरळ शेवटचं पान उघडणं बरं दिसत नाही, पहिल्यापासून वाचणार. नदीचं वर्णन पुन्हा आलं. मग साडूच्या मुलीच्या लग्नाला प्रकाशा गावी जावं लागलं. पुस्तक पिशवीत घेतलं होतं. तापीच्या काठावर बसून वाचायचं, वातावरण मिळेल. पंगतीत वाढायला उभं केलं.

२६ फेब्रुवारी
चाची म्हसावदला गेली. नासिरने स्वतः गाडीत नेऊन सोडलं. शबाना रडत होती असं कळलं. मी समजवायला गेलोच नाही. काय बोलणार होतो?

१ मार्च, शनिवार
राहवलं नाही. नासिरच्या दुकानात जाऊन कबूल केलं. सगळं नाही, पण मुख्य ते. म्हणालो, चाचीने मला त्या कादंबरीतल्या बाईबद्दल विचारलं होतं, मी एकदम बरोबर म्हणालो, म्हणून ती गेली. दोष माझा.
तो वह्यांचे गठ्ठे लावत होता. हात थांबले. म्हणाला, “तू म्हणालास तिला? मेरी माँ को?” मग म्हणाला, “नवनीत, तू जा.”
गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यासमोर म्हणाला.
घरी येऊन दीपमालाला सांगितलं. तिला वाटलं होतं मी सगळं सांगून आलो. “वाचेल नही ते सांगं का?” म्हटलं, तो मुद्दा निघाला नाही. तिने भाजी वाढली आणि आत गेली.

८ मार्च
नासिर फोन घेत नाही. रमजान चालू आहे, रोज्याचा थकवा असेल. स्टँडवर समोरासमोर आलो, तो पेपर वाचू लागला. पेपर तो कधी वाचत नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा असं. कबुली देऊन उलट जास्त जड वाटतंय. मोठेपणा दाखवला तर असं होतं.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.
गल्लीत रंग, डीजे. गच्चीवरच्या खोलीत कडी लावून बसलो. सोबत फक्त ती कादंबरी. मोबाइल खाली राहिला. वाचली. पूर्ण. आयुष्यात बऱ्याच वर्षांनी एक पुस्तक पूर्ण वाचलं आणि, खरं लिहितो, नवरा बुडतो तिथे मला थांबावं लागलं. चाचीने हे पान कसं वाचलं असेल.
शेवट.
ती होडी घेऊन जात नाही. होडी दिराला देऊन टाकते. मुलगा म्हणतो, आई आता तू बस. आणि ती ओसरीवर बसते. ओसरीवरून नदी दिसते. बसून राहते. संपली.

त्याच दिवशी, नंतर.
आधी आनंदाने उडीच मारणार होतो. मी तिला जा म्हणालोच नव्हतो! बस म्हणालो होतो! मी निर्दोष. नासिरला आत्ताच्या आत्ता सांगावं म्हणून शर्ट घातला. जिन्यात पोचलो आणि पाय थांबले. मी बस म्हणालो होतो.
शर्ट काढून ठेवला.

१५ मार्च, शनिवार
सकाळच्या एसटीने म्हसावद. दुकानाची पाटी तीच, ‘कलीम टेलर्स’. शटर वर. आत ईदच्या कापडांचे ढीग, मशीनवर अख्तरचाची, चष्मा नाकावर. गुडघ्याला पट्टा बांधलेला, पण पाय चालू. समोर दोन पोरी कुडत्याच्या बाहीवरून वाद घालत होत्या.
मला बघून म्हणाली, “आ बेटा, बैठ. मेरा रोजा है, तुझे चाय मँगाती.” नको म्हणालो. पोरी गेल्या. मी आधी दुकानाची तारीफ केली, मग विचारलं की चाची, त्या पुस्तकामुळे का?
ती हसली. “किताब से? नहीं रे. किताब तो अच्छी थी. पर आखिर में वो बाई बैठ गई ना, तो मुझे गुस्सा आया. मैं बोली, लिखने वाले को क्या मालूम. फिर तुझे पूछी. तू भी बोला, एकदम बराबर, दूसरं काय करनार.” माझ्या आवाजाची नक्कल केली. हुबेहूब. “उस दिन मैं बहुत रोई. इनके जाने के बाद पहली बार. मैं बोली, इतना पढ़ा हुआ आदमी, घर का बच्चा, वो भी बोलता बैठ जा. तो अब कौन बोलेगा उठ? मैं ही बोली.”
मशीन पुन्हा सुरू केली.
मी म्हणालो, “चाची, मी ते वाचलंच नव्हतं.”
मशीन थांबली. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. खरंच न समजल्यासारखं.
“फिर बोला कायकू?”
तेवढ्यात एक बाई माप द्यायला आली. चाचीने मेजर टेप गळ्यात टाकली आणि मला म्हणाली, जरा बाहेर उभा राह, लेडीज आहे.
बाहेर उभा राहिलो. परतीची गाडी आली तेव्हाही आत दुसरं गिऱ्हाईक होतं. हात हलवला. तिने दोरा दातात धरून मान हलवली.

१६ मार्च, रविवार
नासिरच्या दुकानात गेलो. तो काही म्हणायच्या आत सगळं सांगितलं. या वेळी खरोखर सगळं. वाचलं नव्हतं, कव्हर बघून लिहिलं, सोळा पानं, प्रसन्न, तिचा प्रश्न, माझं उत्तर, खरा शेवट. मध्ये एकाला फुलस्केप हवी होती. नासिरने दिली आणि म्हणाला, बोल पुढे.
सांगून झाल्यावर तो स्टुलावर बसला. म्हणाला, “म्हणजे ती बाई मुलाच्या घरी बसून राहते.”
होय म्हणालो.
“आणि तू म्हणालास बरोबर.”
होय म्हणालो.
“वही तो मैं भी बोल रहा था उसको. रोज.” बराच वेळ त्याने काउंटरवरचं प्लास्टिकचं कव्हर पुसलं. जे स्वच्छच होतं.
मग उठला, आतल्या खोलीतून एक नवा टेबल फॅन काढला, खोक्यासकट. म्हणाला, अम्मीच्या दुकानात उकाडा फार आहे, मार्च असला तरी. तिने मागितला नव्हता, पण नेतो. शटर अर्धं ओढलं. आमचं जमलं असं मला वाटलं. म्हणालो, थांब, मीही येतो, पंखा कुठे लावायचा ते बघू.
तो म्हणाला, “तू नको. तू तिथे येऊन काहीतरी मत देशील.”