दर रविवारी वाचायची नावं

बाबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. लिहून पाठवायचं कुठे, हा प्रश्न होताच. पण आज मला कुणाशी तरी बोलायचंय आणि गावात बोलण्यासारखं माणूस नाही. दिवाळी झाली की आपलं गाव कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मुकादमाचे ट्रॅक्टर आले, भांडीकुंडी, शेळ्या, पोरंबाळं सगळं ट्रॉलीत चढलं आणि दारांना कुलपं लागली. कुणी संगमनेरकडे, कुणी पार कोल्हापूरपर्यंत ऊस तोडायला गेलं. आता परतायचे ते मार्च-एप्रिलात, पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमाराला. तोवर इथे मी, चार म्हातारी माणसं आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीचं पत्र्याचं देऊळ.

तुम्ही घालून दिलेली रीत मी अजून चालवते. निघण्याआधीच्या रविवारी एकेक घर पुढे येतं, वेदीसमोर आपले कोयते ठेवतं, कोण कोण निघालंय ते सांगतं, आणि ती नावं वहीत उतरवून घ्यायची. मग माणसं परत येईपर्यंत दर रविवारी ती मोठ्यानं वाचायची आणि देवळात असतील त्यांनी प्रत्येक नावाला "प्रभू, सांभाळ" म्हणायचं. माणूस घरी आला की नावावर काट. शाळेतली हजेरी असणाऱ्यांची आणि देवळातली नसणाऱ्यांची, असं तुम्ही हसत म्हणायचात. गावचे मास्तर तुम्ही आणि मंडळीचे उपदेशकही तुम्हीच, त्यामुळे दोन्ही हजेऱ्या तुमच्याच आवाजात. नाताळाला देवळात अकरा डोकी, तरी तुम्ही कोट चढवून पाऊण तास उपदेश करायचात. मला लाज वाटायची, खरं सांगते. रिकाम्या सतरंज्यांना कसला आलाय उपदेश!

मी बारा वर्षांची असताना तुमचा घसा बसला होता म्हणून वही माझ्या हातात दिलीत. मी तोऱ्यात उभी राहिले आणि एक नाव मुद्दाम गाळलं. त्या माणसानं दारू पिऊन आपल्या दारात येऊन तुम्हाला आईबहिणीवरून शिव्या दिल्या होत्या. कुणाच्या लक्षात येणार, असं मला वाटलं. तुम्ही जागेवरून उठलात, वहीचं पान मागे उलटून पहिल्या नावावर बोट ठेवलंत. सगळी नावं मला पुन्हा वाचावी लागली. घरी आल्यावर बसक्या आवाजात म्हणालात, "तुला राग हाय तर त्याच्याशी जाऊन भांड. देवाम्होरं त्याचं नाव गाळायचा हक्क तुला कुनी दिला?" मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला होता. तुमच्या ते ध्यानातसुद्धा आलं नसेल.

तुमच्यासारखीच मीही गावच्या शाळेत शिकवायला लागले होते, आणि तुमच्यामागे वहीही माझ्याकडे आली. तुमचे जावई दर वर्षी कारखान्याच्या उसावर ट्रॅक्टर चालवायला जायचे, म्हणजे त्यांचंही नाव मलाच वाचायला लागायचं. आमच्या वेळच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या का? मी लाजून भरभर वाचून टाकायचे आणि म्हातारी माणसं मला छळायची, "बाई, ऐकू नाय आलं, परत घ्या!" हसून हसून प्रार्थना अडायची. असा तो आमचा संसार, सहा महिने एकत्र आणि सहा महिने वहीत. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी ते नाव असंच वाचलं, सगळे "सांभाळ" म्हणाले आणि दुपारी फोन आला. ट्रॉली उलटली होती. सकाळची वेळ सांगितली, पण नक्की किती वाजता ते कुणालाच माहीत नव्हतं. मी नाव घेत होते तेव्हा ते जिवंत होते की गेलेले होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी वही उघडली. काट मारायची राहिली होती. ओघात मी त्यांचंही नाव वाचलं आणि चारही म्हातारी माणसं सवयीनं "प्रभू, सांभाळ" म्हणाली. माझं डोकंच फिरलं. "कुणाला सांभाळ म्हणता? मातीत घातलेल्याला?" असं मी देवळात ओरडले, बाबा, तुमच्या वेदीसमोर. पाळकसाहेब महिन्यातून एकदा उपासना घ्यायला मोटरसायकलवरून येतात, भला माणूस आहे. ते म्हणाले, "ताई, देवाची काहीतरी योजना असेल." मी म्हटलं, "योजना सरकारच्या असतात, साहेब. त्याही कागदावर." बिचारे चहा न घेताच गेले. केडगावला राहणारी माझी लेक रोज फोन करते, "आई, त्या रिकाम्या देवळाला कवटाळून किती दिवस बसणार? इकडे ये." मी जात नाही. का जात नाही ते तिला सांगता येत नाही, आणि मलाही कुठे कळलंय.

तेव्हापासून मी नावं वाचते ती निवृत्त शिक्षिका वाचेल तशी. बायबल उघडते आणि अक्षरं नुसती अक्षरं दिसतात. गुडघे टेकले की गुडघे दुखतात, एवढंच कळतं. देव नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि आहे म्हटलं की त्या सकाळी कुठे होता, हा प्रश्न उभा राहतो. असल्या वेळी मला तुमची एक संध्याकाळ आठवते. तोडीवर गेलेल्या एका घरातलं लहान पोर साप चावून गेल्याची बातमी आली होती. मी भाकऱ्या थापतेय, तुम्ही चुलीशी बसलाय, ताटातल्या भाकरीला हात लावत नाही. एकदम म्हणता, "आज माझ्याच्यानं प्रार्थना व्हत न्हाई ग." मी घाबरते. तुमच्याकडून असलं काही मी कधी ऐकलेलं नसतं. मी विचारते, "मग रविवारी नावं?" तुम्ही म्हणता, "वाचायची. माझं मन लागतंय का न्हाई, त्याच्यावर त्यांचं सांभाळनं थोडंच हाय?" एवढं बोलून तुम्ही हात धुतलेत आणि उठलात. मला तेव्हा वाटलं, बाबा दमलेत. पुढे तुम्ही कसे सावरलात, की सावरलाच नाहीत आणि तसेच वाचत राहिलात, हे मी कधी विचारलं नाही. आज त्याचा फार पश्चात्ताप होतो.

यंदा निघायच्या आधी माझी एक जुनी विद्यार्थिनी पुढे आली. सातवा महिना लागलेला, तरी निघालेली. कोयता ठेवताना वाकता येईना. मला म्हणाली, "बाई, आमचं नाव वाचा बरं का. आन् पोटातल्याचं बी. त्याला नाव न्हाई अजून, तर नुसतं बाळ म्हना. तुमच्या वाचन्याच्या जिवावर चाललोय आमी." माझ्या ओठावर आलं होतं, पोरी, माझ्या वाचण्यानं काही होत नसतं, मला विचार. मी गिळलं. पण पुढच्या रविवारी वही उघडून "बाळ" या शब्दापाशी आले आणि माझ्याच्यानं पुढे जाववेना. हेही नाव वाचू आणि दुपारी फोन येईल, ही भीती बसली. मी वही मिटली, शेवटचं गीत सांगितलं आणि उपासना संपवली. मंगळवारी तिचा फोन आला, पाठीमागे ट्रॅक्टरची घरघर. "वाचलं ना, बाई?" मी म्हटलं, "वाचलं की ग." देवळातली वही हाताळणारी तुमची लेक इतक्या सहज खोटं बोलली.

काल पुन्हा रविवार होता. मी उभी राहिले, वही उघडली आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली सतरंजीवर त्याच पोरीची आजेसासू बसली होती. तिला अक्षर ओळखता येत नाही आणि कमी ऐकू येतं. तिनं डोळे मिटले आणि वेशीपासल्या घरापासून एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. नवरा, बायको, लेकरं, मग शेजारचं घर, मग त्यापलीकडचं. एक्केचाळीस माणसं, एक नाव चुकलं नाही. दर नावाला बाकीचे तिघं "प्रभू, सांभाळ" म्हणत होते. नातसुनेचं झालं, बाळाचं झालं. संपलं असं वाटून मी वही मिटायला लागले, तर म्हातारी म्हणाली, "आन् आमच्या बाई. त्या बी लई लांब गेल्यात. त्यानला बी सांभाळ."

मला वाटलं होतं, इतके दिवस माझं कुणाला काही कळलेलं नाही. मी रागवायला हवं होतं, माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. माझा विश्वास परत आलाय असं मी तुम्हाला लिहिणार नाही, आठवड्यात एक खोटं पुरे झालं. त्या पोरीला फोन करून खरं सांगायचं अजून राहिलंय. पण एक गोष्ट मी लेकीला सांगितली नाही, पाळकांनाही सांगणार नाही, ती तुम्हाला सांगते. माझ्या नावाला "प्रभू, सांभाळ" म्हणायला त्या तिघांनी तोंड उघडलं, त्याच्या आधी मीच म्हणाले होते.